एकच निरोप, दोन अर्थ: वाढत्या चेतापेशीला वाट कशी कळते

एम.एस्सी.ला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: पुस्तकात लिहिलं आहे की नेट्रिन हे प्रथिन अक्षतंतूला, म्हणजे चेतापेशीतून निघून लांब वाढणाऱ्या तंतूला, जवळ ओढतं आणि स्लिट त्याला दूर सारतं. पण मज्जारज्जूच्या मध्यरेषेवर ही दोन्ही प्रथिनं एकाच जागी असतात. मग तोच अक्षतंतू आधी तिकडे का जातो, आणि पलीकडे गेल्यावर परत का येत नाही? आणि पेशीच्या आत सिग्नलिंग पाथवेचे जे बाण काढतात, त्यांचा या वळण्याशी नेमका संबंध काय?

गेली बावीस वर्षं मी कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशी काचेवर वाढवून त्यांची टोकं कशी वळतात ते बघते आहे. या विषयात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट तुमच्या प्रश्नातच दडलेली आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल. बाहेरच्या प्रथिनाला स्वतःचा असा अर्थ नसतो. 'ये' किंवा 'जा' हे त्या रेणूवर लिहिलेलं नसतं. पेशी त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे, तिच्या पृष्ठभागावर निरोप पकडणारी कोणती प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, आहेत, आत कोणती रसायनं किती आहेत, यावरून ती त्या निरोपाचा अर्थ लावते. पुस्तकातली 'आकर्षक' आणि 'प्रतिकर्षक' अशी दोन खान्यांची यादी पाठ करायला सोपी आहे, पण गोंधळाचं मूळही तीच आहे.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करू. मराठीत आपण 'संकेतमार्ग' म्हणतो आणि अक्षतंतूचाही 'मार्ग' म्हणतो. हे दोन मार्ग अगदी वेगळे आहेत. अक्षतंतूचा मार्ग गर्भाच्या ऊतीतून जातो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. संकेतमार्ग पेशीच्या आत असतो. रिसेप्टरला काहीतरी चिकटलं, त्याने शेजारच्या प्रथिनाला जागं केलं, त्याने पुढच्याला, अशी ती साखळी. साखळीच्या शेवटी पेशीचा सांगाडा, म्हणजे तिला आकार देणारी प्रथिनांच्या धाग्यांची जाळी, हलतो. सांगाडा हलला की बाहेरचा मार्ग एका अंशाने बदलतो. तुमच्या पुस्तकातले बाण बहुतेक वेळा केंद्रकाजवळ जाऊन संपतात. इथे मात्र ते सांगाड्यापाशी संपायला हवेत.

हे सगळं घडतं अक्षतंतूच्या टोकाशी, ग्रोथ कोनमध्ये. सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1890 मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूचे काप गॉल्जीच्या पद्धतीने रंगवले आणि तंतूंच्या टोकांना शंकूसारखे फुगवटे पाहिले. ते काप मेलेल्या ऊतीचे होते, तरी हे टोक जिवंतपणी पुढे सरकत असणार आणि रसायनांच्या मागावर जात असणार, असं त्यांनी दोनच वर्षांत मांडलं. प्रत्यक्ष सरकताना ते पाहिलं रॉस हॅरिसन यांनी, 1907 मध्ये. त्यांनी बेडकाच्या गर्भातला चेतानळीचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला, तो थेंब काचेला लोंबता ठेवला आणि तंतू वाढताना बघितले. शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं सगळं शास्त्र त्या एका थेंबातून पुढे आलं, आणि तो प्रयोग झाला होता तो नेमक्या आपल्या प्रश्नासाठी. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतेच.

पहिल्यांदा जिवंत ग्रोथ कोन बघाल तेव्हा घाई करू नका. पाच मिनिटं नुसतं बघत राहा. तळहातासारखा पसरलेला पातळ पापुद्रा असतो, तो लॅमेलिपोडियम. त्यातून बोटांसारखे काटे बाहेर येतात, चाचपडतात, आत जातात, ते फिलोपोडिया. सगळ्या ग्रोथ कोनची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. या एवढ्याशा जागेत, डावीकडे एखादं प्रथिन उजवीकडच्यापेक्षा किंचित जास्त आहे का, हे त्याला ओळखायचं असतं. मोठ्या माणसाच्या कमरेतल्या मज्जारज्जूपासून पायाच्या बोटापर्यंत एक मीटरचं अंतर असतं. गर्भात ते काही मिलिमीटरच असतं आणि वाट तेव्हाच पडून जाते. पुढे शरीर वाढतं तसा तंतू ताणला जाऊन लांब होतो. म्हणून वाट शोधण्याचं काम लहानपणी, जवळजवळच्या टप्प्यांत उरकलेलं असतं, आणि उशिरा निघालेले तंतू आधी गेलेल्यांना चिकटून त्याच पायवाटेने जातात.

आता आतली यंत्रणा. पापुद्र्यात अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. धाग्याच्या पुढच्या टोकाला नवीन अ‍ॅक्टिन जोडलं जातं, मागच्या टोकाला सुटत जातं, आणि मायोसिन नावाचं प्रथिन अख्खी जाळी मागे ओढत असतं. रहाटगाडग्याची माळ डोळ्यासमोर आणा: पोहरे सतत फिरतात, पण रहाट जागचा हलत नाही. ग्रोथ कोन थांबलेला असतो तेव्हा आत नेमकं हेच चालू असतं. पुढे जायचं असेल तर या मागे वाहणाऱ्या जाळीला बाहेरच्या जमिनीत कुठेतरी रुतावं लागतं. इंटेग्रिनसारखे किंवा एल1 सारखे चिकटणारे रेणू ते काम करतात. प्रयोगशाळेत याला आम्ही सरळ क्लच म्हणतो. क्लच पकडला की जाळीचं मागे वाहणं मंदावतं आणि पुढे जोडलं जाणारं अ‍ॅक्टिन पापुद्र्याला पुढे ढकलतं. मग मागून सूक्ष्मनलिका, म्हणजे सांगाड्याच्या ताठ पोकळ नळ्या, त्या बाजूला शिरतात आणि ती दिशा पक्की करतात.

म्हणजे वळणं याचा अर्थ एवढाच: ग्रोथ कोनच्या एका बाजूला क्लच पकडायचा आणि जोडणी वाढवायची, दुसऱ्या बाजूला सोडायचा आणि जाळी आवळायची. बाहेरचं कुठलंही प्रथिन शेवटी या दोन-तीन खटक्यांवरच काम करतं.

हे खटके धरणारे तीन छोटे जीटीपी-एझ, म्हणजे चालू-बंद होणारी प्रथिनं, आहेत: रॅक1, सीडीसी42 आणि आरएचओए. ढोबळ मानाने, रॅक1 पापुद्रा पसरवतो, सीडीसी42 फिलोपोडिया काढतो, आणि आरएचओए रॉक नावाच्या कायनेजमार्फत (इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं प्रथिन ते कायनेज) मायोसिनला कामाला लावून सगळं आवळतो. 'ढोबळ मानाने' असं म्हटलं ते मुद्दाम. खऱ्या ग्रोथ कोनमध्ये हे तिघे एकमेकांना दाबतात, सोडतात, आणि एकाच काट्याच्या दोन टोकांना वेगवेगळे जागे असू शकतात. पण सुरुवातीला हा ढोबळ नकाशा डोक्यात असला की पुढची नावं जागेवर बसतात. नेट्रिन डीसीसी या रिसेप्टरला चिकटलं की आत एफएके आणि सार्क घराण्यातले कायनेज जागे होतात, आणि ट्रायो, डॉक180 अशा मध्यस्थांमार्फत रॅक1 चालू होतो. स्लिट रोबोला चिकटलं की एसआर-गॅप येऊन सीडीसी42 बंद करतो. एफ्रिन ईपीएचए रिसेप्टरला भिडलं की एफेक्सिनमार्फत आरएचओए चालू होतो. सेमाफोरिन 3ए न्यूरोपिलिन आणि प्लेक्सिनच्या जोडीवर बसतं, आणि आत सीआरएमपी2 या प्रथिनावर फॉस्फेट लागून सूक्ष्मनलिकांचा आधार सुटतो. सेमाफोरिन घातल्यावर काही मिनिटांत पसरलेला ग्रोथ कोन मिटून काडीसारखा होतो. जोनाथन रेपर यांच्या प्रयोगशाळेने 1993 मध्ये हे प्रथिन कोंबडीच्या मेंदूतून वेगळं केलं, तेव्हा या मिटण्यावरूनच त्याला कोलॅप्सिन असं नाव दिलं होतं.

काही मिनिटांत, हे ध्यानात घ्या. केंद्रकात जाऊन जनुक चालू करून प्रथिन बनवून परत टोकापर्यंत आणायला इतका वेळ पुरणारच नाही. 1987 मध्ये बेडकाच्या गर्भात डोळ्यातून निघालेले अक्षतंतू पेशीपासून कापून टाकले, तरी ती तुटलेली टोकं काही तास बरोबर दिशेने चालत राहिली. याचा अर्थ वाट वाचण्याची अक्कल टोकातच असते. पुढे कळलं की टोकाशी स्वतःचे एमआरएनए आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती आणि यंत्रं, असतात. नेट्रिनच्या बाजूला बीटा-अ‍ॅक्टिन जागच्या जागी बनतं, सेमाफोरिन आल्यावर आरएचओए जागच्या जागी बनतं. म्हणून परीक्षेत कुणी संकेतमार्गाचा शेवट नेहमीच 'जनुकाचं नियमन' असा लिहिला तर मला वाईट वाटतं. या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्टच निसटून जाते.

आता तुमच्या मध्यरेषेकडे. मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागात कमिशरल नावाच्या चेतापेशी असतात. त्यांचे अक्षतंतू पोटाकडच्या बाजूला खाली उतरतात, मध्यरेषेवरच्या फ्लोअर प्लेट नावाच्या पट्टीतून पलीकडे जातात, आणि पलीकडे गेल्यावर डोक्याच्या दिशेला वळतात. फ्लोअर प्लेटचा तुकडा जेलमध्ये ठेवला तर हे तंतू दुरून त्याच्याकडे वळतात, हे 1988 मध्ये दिसलं होतं. पण त्यामागचा रेणू कुठला? फ्लोअर प्लेट इतकी लहान असते की तिच्यातून प्रथिन गाळून काढणं अशक्य होतं. मग सान फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात मार्क टेसिए-लव्हीन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भांच्या सुमारे 25,000 मेंदूंतून तसाच परिणाम देणारं प्रथिन शुद्ध केलं आणि 1994 मध्ये जाहीर केलं. त्याला नाव दिलं नेट्रिन, संस्कृतातल्या 'नेतृ' वरून. नेणारा तो नेतृ. आपलं 'नेणे' हे क्रियापद आणि 'नेता' हा शब्द त्याच धातूचे. मराठी मुलांना हा शब्द शिकवताना मला काही पाठ करून घ्यावं लागत नाही.

नेट्रिनचा जनुक बघितल्यावर कळलं की तो अगदीच नवा नव्हता. सी. एलेगन्स या कृमीत अनकोऑर्डिनेटेड, म्हणजे धड सरपटता न येणारे, म्हणून वेगळे काढलेले उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले कृमी, होते. त्यातला अनक-6 हा जनुक म्हणजे कृमीचं नेट्रिन निघालं. अनक-40 हा डीसीसीचा भाऊबंद. आणि अनक-5 हा आणखी एक रिसेप्टर. ज्या तंतूवर फक्त अनक-40 असतो तो नेट्रिनकडे जातो. ज्यावर अनक-5 असतो तो त्याच नेट्रिनपासून दूर जातो. प्रथिन तेच, पेशीने पांघरलेला रिसेप्टर वेगळा, आणि दिशा उलट. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर या कृमीने दिलं आहे.

आता स्लिट. फळमाशीत मध्यरेषेच्या पेशी स्लिट सोडतात आणि ते रोबो रिसेप्टरवर बसून तंतूला दूर सारतं. रोबो म्हणजे राउंडअबाउट. हा जनुक बिघडला की तंतू मध्यरेषेवरून पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जात वर्तुळं काढतात. रस्त्यावरच्या गोल चौकासारखी ती वर्तुळं, म्हणून हे नाव. मग निरोगी माशीत एकदाच का ओलांडतात? कारण ओलांडण्याआधी तंतू कॉमिशरलेस नावाचं प्रथिन बनवतो. ते नवीन रोबोला पृष्ठभागावर पोचूच देत नाही, आतल्या आत विल्हेवाटीच्या पिशव्यांकडे वळवतं. म्हणून मध्यरेषेकडे जाताना तंतूला स्लिट जवळजवळ ऐकूच येत नाही. ओलांडल्यावर कॉमिशरलेस थांबतं, रोबो पृष्ठभागावर येतो, आणि जी जागा मघापर्यंत बोलावत होती तीच आता नकोशी होते. परतीचं दार बंद होतं ते असं.

आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत कॉमिशरलेस नाही. तिथे हे काम रोबो3 नावाचा रोबोचाच एक वेगळा भाईबंद करतो. सस्तन प्राण्यांचा रोबो3 स्लिटला नीट पकडतच नाही. उलट तो डीसीसीच्या जोडीने नेट्रिनची ओढ वाढवतो. ओलांडेपर्यंत तो टोकावर असतो, ओलांडल्यावर उतरतो. रोबो3 नसलेल्या उंदरांत कमिशरल तंतू मध्यरेषा ओलांडतच नाहीत. नावं आणि नाती माशीत आणि उंदरात वेगळी झाली, पण सोय तीच राहिली: आधी कान झाकायचे, मग उघडायचे.

पलीकडे गेल्यावर डोक्याकडे वळायचं असतं. तिथे डब्ल्यूएनटी4 हे प्रथिन डोक्याच्या बाजूला जास्त आणि शेपटीच्या बाजूला कमी असतं, आणि त्याची ओढ आता लागू होते. याच जागी सॉनिक हेजहॉग येतो, आणि या प्रथिनाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं.

सॉनिक हेजहॉग फ्लोअर प्लेटमधूनच पाझरतो. गर्भ अगदी लहान असताना तो मज्जारज्जूत कुठली पेशी काय होणार हे ठरवतो. जास्त मात्रा मिळाली तर एक प्रकार, कमी मिळाली तर दुसरा. त्या वेळी निरोप केंद्रकात जातो, जीएलआय नावाची प्रथिनं जनुकं चालू-बंद करतात, आणि याला तासन्‌तास लागतात. थोड्या दिवसांनी, त्याच जागी, त्याच प्रथिनाकडे कमिशरल तंतू ओढले जातात. आता बॉक नावाचा रिसेप्टर पुढे असतो, आणि निरोप केंद्रकात न जाता सार्क घराण्यातल्या कायनेजमार्फत थेट सांगाड्याकडे जातो. आणि ओलांडल्यावर तिसरी गोष्ट: तेच हेजहॉग आता तंतूला शेपटीच्या बाजूने दूर सारतं, म्हणजे डोक्याकडे ढकलायला मदत करतं. हा बदल पेशीच्या आतून होतो. वेळ सरते तशी पेशीत 14-3-3 नावाची प्रथिनं वाढतात, पीकेए हा कायनेज मंदावतो, आणि ओढ उलटते. काचेच्या ताटलीत मध्यरेषेपासून लांब वाढवलेल्या कमिशरल पेशीही काही दिवसांनी हेजहॉगपासून पळायला लागतात. त्यांनी काहीच ओलांडलेलं नसतं. फक्त त्यांचं वय वाढलेलं असतं. हे 2012 मध्ये दिसलं, आणि मला तो लेख वाचतानाचा दिवस अजून आठवतो.

पीकेए म्हटल्यावर त्याला चालू करणारा पेशीतला छोटा रेणू, सायक्लिक एएमपी, आलाच. 1997 मध्ये मू-मिंग पू यांच्या गटाने बेडकाच्या (झेनोपसच्या) मज्जारज्जूतल्या पेशी घेतल्या आणि ग्रोथ कोनपासून थोड्या अंतरावर बारीक काचनळीतून नेट्रिन सोडलं. तंतू नळीकडे वळले. मग पेशीतला सायक्लिक एएमपीचा निरोप औषधाने दाबला. त्याच नेट्रिनपासून तंतू उलट दिशेला वळले. रिसेप्टर बदलला नव्हता, बाहेरचं प्रथिन बदललं नव्हतं. आतल्या एका छोट्या रेणूची पातळी बदलली आणि अर्थ उलटा झाला. कॅल्शियमचीही अशीच गोष्ट आहे. एका बाजूला नेमक्या प्रमाणात वाढलेलं कॅल्शियम ग्रोथ कोनला त्या बाजूला वळवतं, वेगळ्या प्रमाणातलं त्याच बाजूपासून दूर नेतं. कॅमकिनेज आणि कॅल्सिन्यूरिन यांच्यापैकी कोण जागं होतं यावर ते ठरतं.

सायक्लिक एएमपीची ही पातळी गर्भात कशाने बदलते? इतर गोष्टींबरोबर, पायाखालच्या जमिनीने. झेनोपसच्या डोळ्यातले तंतू फायब्रोनेक्टिन या पेशींबाहेरच्या प्रथिनाच्या जमिनीवर नेट्रिनकडे जातात, पण लॅमिनिन या तशाच दुसऱ्या प्रथिनाच्या जमिनीवर आतलं सायक्लिक एएमपी घटतं आणि ते नेट्रिनपासून दूर जातात. डोळ्याच्या आतल्या पृष्ठभागावर लॅमिनिन असतं आणि दृष्टिनाडीच्या तोंडाशी नेट्रिन. दोन्ही एकत्र भेटले की तंतू पृष्ठभाग सोडून नाडीच्या खोलात शिरतो, असा या प्रयोगाचा अर्थ लावला गेला. माझ्या मते 1999 चा हा निष्कर्ष प्रत्येक नवशिक्याच्या टेबलावर चिकटवून ठेवायला हवा. कुठल्या लेपावर पेशी वाढवल्या हे न लिहिता 'अमुक प्रथिन आकर्षक आहे' असं विधान करणं म्हणजे अर्धंच वाक्य लिहिणं.

आता एक गोष्ट जी तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल. दोन दशकं सगळ्यांनी आकृतीत फ्लोअर प्लेटमधून नेट्रिनचे ठिपके वर पसरत गेलेले दाखवले आणि तंतू त्या वासाच्या मागाने खाली येतो असं शिकवलं. मीही तसंच शिकवलं. 2017 मध्ये दोन गटांनी उंदरात फक्त फ्लोअर प्लेटमधलं नेट्रिन काढून टाकलं. तरी तंतू बऱ्याच अंशी ओलांडत राहिले. मज्जारज्जूच्या मधल्या पोकळीलगतच्या जनकपेशींमधलं नेट्रिन काढलं तेव्हा मात्र ते भरकटले. या जनकपेशींचे लांब पाय मज्जारज्जूच्या बाहेरच्या कडेपर्यंत जातात आणि नेट्रिन तिथे साठून राहतं. म्हणजे नेट्रिन दुरून येणारा वास कमी आणि वाटेवर घातलेला सडा जास्त. 2019 मध्ये आणखी प्रयोग झाले आणि मज्जारज्जूत दोन्ही ठिकाणचं नेट्रिन मिळून काम करतं, मध्यरेषेच्या जवळ फ्लोअर प्लेटचं महत्त्व वाढतं, असं चित्र उभं राहिलं. जेलमधला 1988 चा प्रयोग चुकीचा नव्हता. ताटलीत जे घडू शकतं ते त्याने बरोबर दाखवलं. गर्भात तेच आणि तेवढंच घडतं, हे मात्र आपण मानून चाललो होतो.

माणसात हे बिघडतं तेव्हा काय होतं? रोबो3 च्या जनुकात दोष असलेल्या व्यक्तींना जन्मापासून डोळे डावी-उजवीकडे फिरवता येत नाहीत. वर-खाली फिरतात. मान फिरवूनच बाजूला बघावं लागतं, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकत जातो. तपासलं तर मेंदूकडून येणारे हालचालीचे तंतू, जे लंबमज्जेत एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जायला हवेत, ते त्याच बाजूला राहिलेले दिसतात. जनुकाशी हा संबंध 2004 मध्ये जुळला. डीसीसीत दोष असलेल्या काही कुटुंबांत वेगळंच लक्षण 2010 मध्ये नोंदलं गेलं: उजव्या हाताने काही केलं की डावा हात आपोआप तीच हालचाल करतो. शर्टाची गुंडी लावणं, पेटी वाजवणं, दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं या माणसांना किती जड जात असेल! ज्या प्रथिनाचं नाव आपण परीक्षेसाठी लिहितो, त्याच्यामुळे आपला डावा हात आपल्या मनासारखा मोकळा राहिलेला असतो.

मोठेपणी तुटलेल्या चेतातंतूंबद्दलही लोक विचारतात, त्यामुळे थोडक्यात. हातापायातली नाडी तुटली आणि नीट जोडली तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. मज्जारज्जूत तसं होत नाही. तिथे मायलिनमधली, म्हणजे तंतूंवरच्या चरबीयुक्त वेष्टनातली, नोगो, एमएजी अशी प्रथिनं शेवटी त्याच आरएचओएला चालू करून ग्रोथ कोन आवळून धरतात, आणि मोठ्या पेशीतलं सायक्लिक एएमपी गर्भातल्यापेक्षा कमी असतं. एमएजी तर वयाने लहान पेशींची वाढ वाढवतं आणि मोठ्यांची अडवतं. पुन्हा तेच: निरोप एक, वाचणाऱ्याचं वय वेगळं. आरएचओए आणि नोगोला रोखणारी औषधं माणसांवर तपासली गेली आहेत, पण मज्जारज्जूच्या इजेवर खात्रीचा उपाय हाती आलेला नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

तुमच्या प्रकल्पाबद्दल. नेट्रिनपासून सुरुवात करू नका; शुद्ध प्रथिन महाग आहे आणि वळण्याचा प्रयोग हातात बसायला महिने लागतात. एनजीएफपासून, म्हणजे चेतातंतूंची वाढ घडवणाऱ्या प्रथिनापासून, सुरुवात करा. ते शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी युद्धाच्या काळात तुरीनमध्ये स्वतःच्या निजायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर काम केलं. पुढे 1952 मध्ये रिओ दी जानेरोत त्यांनी उंदराच्या ट्यूमरचा तुकडा आणि कोंबडीच्या गर्भातली चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा छोटा गोळा, शेजारी ठेवली. एका दिवसात गुच्छिकेभोवती तंतूंचं प्रभामंडळ उमटलं. ते प्रभामंडळ आजही कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत उमटवता येतं, आणि त्यामागे टीआरकेए रिसेप्टर, पीआय3के, आरएएस-ईआरके हे सगळे पाथवे एका ताटलीत अभ्यासता येतात. पीआय3के रोखणारं औषध एका ताटलीत आणि ईआरकेचा मार्ग रोखणारं दुसऱ्या ताटलीत घालून तंतूंची लांबी आणि टोकांचा आकार मोजा. आधी लांबी बघायची की आकार, हे ठरवून मगच सुरू करा.

हॅचरीतून फलित अंडी आणा आणि सात-आठ दिवस उबवा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मण्यांसारख्या दिसणाऱ्या गुच्छिका काढा. काचेला आधी पॉलिलायसिन, मग लॅमिनिन, आणि लेप वाळू देऊ नका. दोन ताटल्या एनजीएफशिवाय ठेवा. आणि माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षी झालेली एक चूक सांगते, कारण तिच्यात माझे चार महिने गेले. सेमाफोरिन घातल्यावर मोजायला मी ताटल्या एकेक करून उबवणीतून बाहेर आणायचे आणि फोटो काढत बसायचे. बाहेर माध्यम गार व्हायचं, कार्बन डायऑक्साइड उडून त्याचा सामू चढायचा, आणि सेमाफोरिन न घातलेल्या ताटलीतलेही ग्रोथ कोन मिटलेले दिसायचे. मी ते आकडे खरे धरून बसले होते. तेव्हा ताटलीतच कोमट फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहेत त्या आकारात पक्क्या करणारं रसायन, घाला, गार नको, आणि वीस मिनिटांनी उचला. मग सावकाश मोजा. आणि कुठल्या ताटलीत काय आहे ते मोजणाऱ्याला सांगू नका, मोजणाऱ्या तुम्ही स्वतः असाल तरी. मैत्रिणीला ताटल्यांवर नुसते आकडे लिहायला सांगा आणि चिठ्ठी तिच्याकडेच ठेवा.